चारशे पिक्सेल

बाबांचा फोटो स्टुडिओ मांडवीला, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होता. चाळीस वर्षं त्यांनी तो एकट्याने चालवला. मोबाइलमध्ये कॅमेरे आले तसं गिऱ्हाईक आटत गेलं, मग आई गेली, आणि एका पावसाळ्यानंतर त्यांनी शटर वर केलंच नाही. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत मोबाइलची ॲप बनवायचं काम करत होते. घरून काम करायची परवानगी मिळाली आणि मी रत्नागिरीला परत आले. शेजारपाजारच्यांना वाटलं, पोर बापासाठी आली. ते अर्धंच खरं होतं. माझा पुण्यातला संसार मोडला होता, आणि ते कोणाला सांगावं लागू नये म्हणून बाबांचं निमित्त मला बरं पडलं.

स्टुडिओतलं सामान घरी आलं त्यात बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते. आत निगेटिव्ह. प्रत्येक पट्टी बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर बाबांच्या बारीक अक्षरात नाव, गाव आणि वर्ष. लग्नं, बारशी, शाळांचे वर्गवार फोटो, बोटीवर नोकरीला निघालेल्यांचे पासपोर्ट फोटो. डबे उघडले की व्हिनेगरसारखा आंबट वास यायचा. आमच्याकडची हवा कापडालाच सोडत नाही, तिथे फिल्मचं काय. काही पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, काहींवर बुरशीची जाळी धरली होती.

मी एक चांगला स्कॅनर घेतला आणि आम्ही कामाला लागलो. दोन वर्षं लागली. रोज संध्याकाळी कंपनीचं काम संपलं की मी स्कॅनरपुढे बसायची आणि बाबा शेजारच्या खुर्चीवर. ते पाकिटावरचं नाव वाचायचे, मी फाइलला ते नाव द्यायची. मधेच पट्टी उजेडासमोर धरून सांगायचे, "ही बाई फोटोला बसताना चप्पल काढूनच बसली. म्हटलं, चप्पल दिसत नाही फोटोत. तर म्हणे, तरी पण." मोठ्या निगेटिव्हवर ते अगदी टोकदार पेन्सिलीने काम करायचे. देवीचे व्रण, डोळ्याखालची काळजी, सगळं भिंगातून बघत पुसायचे. "पण माणूस बदलायचा नाही," म्हणायचे. "घरच्यांनी ओळखलं पाहिजे." आम्ही दोघं आयुष्यात कधी एवढं बोललो नव्हतो.

साधारण अकरा हजार फोटो झाले. ते सगळे मी क्लाउडवर चढवले. बाबांनी विचारलं, "म्हणजे आता ते राहणार कुठे?"

"एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर. लांब कुठेतरी."

"आणि आपल्याजवळ?"

"आपल्याजवळ फोन आहे की. पाहिजे तेव्हा बघायचे."

त्यांना ते फारसं पटलं नाही. पण छातीच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की त्या डब्यांच्या वासात बसू नका, आणि मी ते शब्द धरून ठेवले. मीच मागे लागले. शेवटचा डबा स्कॅन झाल्यावर आठवडाभरात सगळे डबे नगरपालिकेच्या घंटागाडीत गेले. गाडीला तीन खेपा लागल्या. बाबा पडवीत उभे होते. तिसऱ्या खेपेला ते आत निघून गेले.

घरी एका हार्ड डिस्कवरही प्रत होती. मे महिन्याच्या शेवटी गडगडाट झाला, खांबावर वीज पडली आणि कॉम्प्युटर, स्कॅनर, ती डिस्क सगळंच गेलं. मी कॉम्प्युटर नवा घेतला. डिस्क घेतली नाही. क्लाउडवर आहे, मग काय घाई, असं मला वाटलं.

मग मी ॲप बनवलं. गावाचं नाव टाका, वर्ष निवडा, तुमच्या घरचे फोटो बघा. लिंक दोनचार ओळखीच्यांना दिली, त्यांनी आपापल्या वाडीच्या ग्रुपवर टाकली, आणि पंधरा दिवसांत ती मुंबईपर्यंत गेली. आमच्या घरच्या वायफायवर ॲप बरं चालायचं. बाहेर चालत नव्हतं. चूक अगदी नवशिक्याची होती. एकेका फोटोची फाइल पंधरा एमबीची, आणि यादीतल्या बोटभर चौकटीत दाखवण्यासाठीसुद्धा माझं ॲप ती अख्खी फाइल ओढत होतं. एका वेळी वीस फोटो मागायचं. फोन तापायचे, ॲप बंद पडायचं. डोंगराकडच्या गावांत नुसत्या करड्या चौकटी दिसायच्या.

त्या दिवसांत एका बाईंचा व्हॉइस मेसेज आला. देवरूखच्या वर एका वाडीतल्या. आवाज वयस्कर, पण खणखणीत.

"बाय, घरात रेंज नाय म्हणून वर सड्यावर, उघड्या कातळावर जाऊन उभी ऱ्हाते. अर्धा अर्धा तास. चौकट दिसते, माणूस दिसत नाय."

मी त्यांना फोन केला. मी त्यांना काकी म्हणायला लागले ते तेव्हापासून. लग्न झाल्यावर नवरा-बायको रत्नागिरीला आली होती, तेव्हा बाबांच्या स्टुडिओत त्यांनी जोडीने एक आणि नवऱ्याने एकट्याने एक असे फोटो काढले होते. नवरा मुंबईला गोदीत कामाला. मुलगा दीड वर्षाचा असताना तो तिकडेच आजारी पडून गेला. घरातले दोन्ही फोटो मुलाला कळायच्या आधीच भिंतीवर वाळवीने खाल्ले. आता मुलाचं लग्न ठरलं होतं.

"पोराला बापाचं तोंड आठवत नाय," काकी म्हणाल्या. "मंडपात खुर्चीवर ठेवायला फोटो होवा. तुमच्याकडे असंल ना?"

मी फाइलींत शोधलं. जोडीच्या फोटोची पट्टी खराब झाली होती, पण एकट्याचा फोटो होता. अगदी स्पष्ट. शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन, त्याच्या टोपणावरची रेघसुद्धा दिसत होती. मी म्हटलं, "आहे काकी. ॲप दुरुस्त करते, मग तुम्हाला तुमच्या फोनवरच दिसेल." तो फोटो मी त्याच क्षणी त्यांना पाठवू शकले असते. पण मला ॲप दुरुस्त करायचं होतं, आणि त्यांनी तो माझ्या ॲपमध्ये बघावा असं मला वाटत होतं. हे मला नंतर पुष्कळ वेळा आठवलं.

दुरुस्ती कशी करायची ते मला माहीत होतं. कंपनीत तेच काम करत होते. यादीत दाखवायला प्रत्येक फोटोची एक छोटी प्रत करायची, चारशे पिक्सेल रुंद. बोट लावलं की आधी तीच मोठी करून दाखवायची आणि मागून मूळ फोटो आणायचा. जो पडद्यावर आहे तेवढाच मागायचा, वर सरकून गेलेला मागणं थांबवायचं. एकदा आणलेला फोनमध्येच ठेवायचा, म्हणजे परत रेंज लागत नाही. छोट्या प्रती करायला मी एक प्रोग्रॅम लिहिला. आधी वीस फोटोंच्या नकला एका वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन चालवून बघितला. नकलाच होत्या, म्हणून नव्या फाइली कुठे ठेवायच्या ती जागा मी रिकामी सोडली. रिकामी असली की नवी फाइल जुनीच्याच जागी, त्याच नावाने बसते. चाचणी छान झाली.

मग दुपारी जेवण करून मी तो सगळ्या फोटोंवर लावला. ती जागा भरायची राहिली.

तीनेक तास चालला. मी मधे चहा केला, बाबांना दिला, आकडा वाढताना बघत बसले. संपल्यावर ॲप उघडलं आणि मला हसूच आलं. बोट फिरवावं तसे फोटो येत होते. एकही करडी चौकट नाही. मोठा केलेला फोटो जरा मऊ वाटला; मला वाटलं, मागून मूळ येतोय. मीच तसं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकींचा फोन आला. त्या सड्यावरूनच बोलत होत्या, वाऱ्याचा आवाज येत होता.

"दिसले," म्हणाल्या. "तरणे आहेत गो. माज्या पोरापेक्षा बारीक दिसतात. मी म्हातारी झाली आनि हे तसेच."

मी दिवसभर त्या फोनच्या आनंदात होते. बाबाही खूश. पडवीत बसून वर्षं मागे-पुढे करत फोटो बघायचे. "आता कसं पटापट येतं," म्हणायचे. दोन दिवसांनी म्हणाले, "जरा धूसर आहेत का गो? मला ते बोटं लावून मोठं केलं की विरघळल्यासारखं दिसतं."

"तुमचे डोळे, बाबा," मी म्हटलं. "किती दिवस सांगतेय, मोतीबिंदूचं बघायला हवं."

"असेल," ते म्हणाले. मी डॉक्टरांची वेळ घेतली. मोतीबिंदू खरोखरच होता. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली.

मधल्या आठवड्यात काकींनी मोठ्या फोटोची आठवण करून दिली. दोन हात लांब तरी हवा, लांबून दिसला पाहिजे. मी छापायला द्यायचा म्हणून क्लाउडवरून मूळ फाइल उतरवली. तीस केबी. मला वाटलं, चुकून छोटी उतरली. परत उतरवली. तीस केबी. मग शेजारची फाइल. मग दुसऱ्या गावाची. मग आईच्या नावाचा फोल्डर.

मला आठवतं, मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि गॅसवर काहीच नसताना गॅस बंद आहे का ते बघून आले. परत येऊन मी प्रोग्रॅम उघडला आणि ती रिकामी जागा बघितली. दोन अवतरणचिन्हं, मधे काही नाही.

क्लाउडवर जुन्या प्रती जपून ठेवायची एक सोय असते. सुरुवातीलाच सुरू करायची असते. मी केली नव्हती. कंपनीच्या मदत विभागाला लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं: ती सोय तुमच्या खात्यात बंद होती, त्यामुळे बदललेल्या फाइली परत आणता येणार नाहीत. मी परत लिहिलं. वेगळ्या माणसाने तेच उत्तर पाठवलं. जळलेली डिस्क घेऊन मी कोल्हापूरला जाऊन आले. दुकानदाराने ती उघडून मलाच दाखवली आणि मान हलवली. डब्यांबद्दल नगरपालिकेत विचारायला गेले तर तिथल्या माणसाने किती दिवस झाले ते विचारलं. दीड वर्ष झालं होतं.

बाबांना सांगितलं नाही. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. त्यांचा समज होता की डोळा उघडला की फोटो स्वच्छ दिसणार आहेत. मी तो तसाच राहू दिला.

काकींच्या मुलाचं लग्न जवळ आलं होतं. छोटा फोटो मोठा करून देणारी आता यंत्रं आहेत. जे नाही ते अंदाजाने भरतात. मी त्या फोटोवर तसलं एक चालवलं. निघालेला चेहरा नको इतका स्वच्छ होता. पापण्यांचे केस वेगवेगळे दिसत होते. खिशाचं पेन मात्र यंत्राला कळलं नाही. तिथे त्याने शर्टाची घडी करून टाकली होती. मी दहा वेळा चालवलं, दहा वेळा थोडा वेगळा माणूस आला. त्यातला एक निवडून मी छापायला दिला. सोबत उरलेल्या खऱ्या फोटोची एक प्रत, पासपोर्टच्या आकाराची. त्याच्यापेक्षा मोठा तो छापताच येत नव्हता.

काकी फोटो न्यायला एस.टी.ने आल्या तेव्हा बाबांच्या ऑपरेशनला पाच दिवस झाले होते. काळा चष्मा लावून ते पडवीत बसले होते. काकी बुटक्या, काटक, हातात कापडी पिशवी. मी मोठा फोटो भिंतीला टेकवून ठेवला. त्या समोर उभ्या राहिल्या. मग पुढे होऊन बसल्या आणि पदराने काच पुसली.

"हे कोण?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं.

"काकी, मूळ फोटो माझ्या हातून खराब झाला," मी म्हटलं. "हा मशीनने अंदाजाने मोठा केलेला आहे." आणि पासपोर्टचा फोटो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो तळहातावर ठेवून लांब धरला, मग जवळ आणला. "हे हे," म्हणाल्या. मग मोठ्याकडे बघितलं. "डोळे ह्यांचे नायत. ह्यांची नजर जरा पडलेली असायची. लाजायचे ते."

मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "तू कशाला रडतंस? तू काय बगितलंवतंस त्यांना?"

"मग हा नको नेऊया. छोटाच..."

"एवडासा मंडपात कोनाला दिसनार?" त्या उठल्या. "मोठाच नेते. आता वळखनारं हाय कोन, मला सोडून?" छोटा त्यांनी पाकिटात घातला, पाकीट कंबरेला. मोठा मी वर्तमानपत्रात बांधून दिला आणि रिक्षापर्यंत पोहोचवला.

परत आले तर बाबांनी चष्मा काढला होता. त्यांच्या हातात माझा जुना फोन होता, ॲप उघडलेलं.

"तो मोठा फोटो मी काढलेला नाही," ते म्हणाले. "माझ्या स्टुडिओत तसा उजेड पडतच नव्हता."

"नाही, बाबा."

"आणि हे? हे पण धूसरच आहेत. डोळा तर स्वच्छ झालाय. तुझ्या कपाळावरची शीर दिसतेय मला इथून."

मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. फाइली, रिकामी जागा, डिस्क. त्यांना त्यातलं किती समजलं माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "किती गेले?"

"सगळे."

"सगळे म्हणजे आईचे पण?"

"आईचे पण."

आईचा एक फोटो होता, मांडवीच्या धक्क्यावर, वाऱ्याने पदर उडालेला. बाबांनी तो एकच निगेटिव्ह कधी पेन्सिलीने रिटच केला नव्हता. तो त्यांनी फोनवर काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. चेहरा चौकोन चौकोन होऊन सुटला. त्यांनी परत लहान केला, तेव्हा ती परत आई झाली. असं तीन-चारदा केलं.

मग म्हणाले, "डोळ्यात औषध घालायची वेळ झाली गो."

मी औषध घातलं. थेंब गालावर ओघळला, तो मी कापसाने टिपला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त त्यानंतर त्यांनी ॲप उघडलेलं मी पाहिलं नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करूया म्हटलं, तर म्हणाले, "एवढं पुरे आहे."

ॲप अजून चालू आहे. खूप छान चालतं. लोक मेसेज करतात, एका रेघेच्या रेंजमध्येसुद्धा लगेच उघडतं, वडिलांना नमस्कार सांगा. मी हात जोडल्याची खूण पाठवते. मूळ फोटो मागितला तर म्हणते, एवढाच आहे. बंद करावं असं कितीदा मनात येतं, पण जे उरलंय ते तेवढंच.

लग्नाला काकींनी दोनदा फोन करून बोलावलं, म्हणून गेले. बाबांनी यायचं टाळलं. घरापुढच्या मांडवात एका खुर्चीवर पांढरी चादर घालून तो फोटो ठेवला होता, हार घातलेला. नवरा मुलगा आला, त्याने त्या फोटोपुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. एक वयस्कर गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते, भावकीतले असावेत. ते फोटोकडे बघून मला म्हणाले, "बघा, पोरगा अगदी बापावर गेलाय. डोळे तर तेच."

मी काकींकडे बघितलं. त्यांनी ते ऐकलं होतं. त्या माझ्याकडे न बघता नव्या सुनेचा पदर सारखा करत राहिल्या.

जेवायला थांबा म्हणून आग्रह झाला. मी जेवले. मग कोणीतरी मोटरसायकलवरून देवरूखच्या स्टँडवर सोडलं, आणि तीनच्या गाडीने मी घरी आले.